साडूंची वडी आणि अक्कांची जवारी

आमच्या साडूंइतका संतापजनक माणूस कृष्णेच्या दोन्ही काठांवर झाला नसेल. हे मी उगाच बोलत नाही. वाईपासून सांगलीपर्यंत या नदीच्या कडेकडेनं माझे नातेवाईक पसरलेले आहेत. त्यांत लग्नाच्या पंगतीतून रुसून उठणारे आहेत, बांधावरून सख्ख्या भावाशी अबोला धरलेले आहेत, एस.टी.त खिडकीतून टोपी टाकून जागा धरणारे आणि त्या टोपीवरून हातघाईवर येणारे आहेत. त्या सगळ्यांना मी कधीच माफ करून टाकलंय. साडूंना केलेलं नाही आणि करणारही नाही. नात्यानं ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे मान द्यायलाच हवा असे. बायको त्यांना दाजी म्हणायची, म्हणून मीही दाजी म्हणायचो. मी साताऱ्याला शाळेत मराठी शिकवत होतो आणि ते कोयनानगरला वीजघरात होते. त्यामुळे जगात जे काही अंधारात नाही ते आपल्यामुळे, असा त्यांचा कायमचा समज होता.

लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा त्यांच्या कॉलनीत गेलो तेव्हा त्यांनी मला कौतुकानं डोंगराच्या पोटातलं वीजघर दाखवायला नेलं. आत नुसती घरघर. हाडांत शिरेल अशी. त्या घरघरीत साडू मला तासभर काहीतरी समजावून सांगत होते. त्यांचे ओठ हलताना दिसत होते आणि मी जावयाला शोभेलशी मान डोलवत होतो. बाहेर आल्यावरही ते त्याच पट्टीत बोलत राहिले. म्हटलं, थोड्या वेळानं उतरेल आवाज. तो पुढे हयातभर उतरला नाही. त्या संध्याकाळी मांडणीवरची भांडी अचानक वाजायला लागली, पायाखालची फरशी गुरगुरली, आणि मी नव्या नवरीचा हात धरून अंगणात धावलो. भूकंपच तो. दारातून वळून पाहिलं तर साडू बशीतला चहा फुर्र करून ओढत होते. म्हणाले, "आवं पाव्हणं, बसा की खाली. किरकोळ हाय." बायकोच्या माहेरच्या माणसांसमोर माझा पचका झाला तो तिथून.

किरकोळ हा त्यांचा लाडका शब्द. लाखांच्या घरातल्या व्होल्टांशी उठबस असल्यानं हजाराच्या आतलं सगळं त्यांना किरकोळ वाटायचं. घरातल्या बटणाचा झटका बसला तर म्हणायचे, "मुंगी चावली." आणि गंमत बघा, एवढ्या किरकोळ विजेपायी हा माणूस दुसऱ्याचा जीव नकोसा करून सोडायचा. वीजघरात म्हणे असा नियम असतो की लाईन बंद केली तरी तिला लगेच हात लावायचा नाही. तारांमध्ये भार राहतो. लांब काठीच्या टोकाला तांब्याचा आकडा असतो, त्याला जाड वायर, वायरीचं दुसरं टोक जमिनीत गाडलेलं. ती काठी आधी तारेला लावायची, उरलेली वीज जमिनीत घालवायची, मगच हात. झालं. नियम वीजघरापुरता ठेवावा की नाही? पण साडूंनी घरासाठी एक छोटी काठी करून घेतली. वायरीचं टोक नळाच्या पाइपला अडकवायचं आणि काठी घेऊन घरभर फिरायचं. फ्रिजला काठी, पंख्याला काठी, इस्त्रीला काठी. मी साताऱ्यात घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला हे काठी घेऊन हजर. गुरुजी संकल्प सांगतायत आणि हे त्यांच्या मांडीवरून वायर ओढत स्वयंपाकघरातल्या मिक्सरकडे निघालेत. गुरुजी थांबले. साडू म्हणाले, "तुमी चालू ठेवा वो. पाय तेवढं वर घ्या." गुरुजींनी पाय वर घेतले आणि पुढचा मंत्र विसरले. अजून आमच्या गल्लीत ती गोष्ट निघते.

दुसरा ताप म्हणजे 'लाईन क्लिअर'. साधा दिवा बदलायचा तर साडू मेन स्विचपाशी पहाऱ्याला उभे राहणार आणि स्टुलावर चढलेल्या माणसाला ओरडून विचारणार, "लाईन क्लिअर?" त्यानं तितक्याच मोठ्यानं "क्लिअर" म्हणायचं. मान हलवलेली चालत नसे. पुटपुटलेलं चालत नसे. मी मराठीचा शिक्षक, माझ्याच मेहुणीच्या, अक्कांच्या घरी स्टुलावर उभा राहून इंग्रजीत बोंबलतोय आणि खाली अक्कांच्या गाण्याच्या क्लासच्या मुली पदरात तोंड घालून हसतायत. कुणाच्याही अंगाचा तिळपापड होईल की नाही?

हो, अक्का गाणं शिकवायच्या. हे सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. माझी थोरली मेहुणी म्हणजे सोन्यासारखी बाई. आवाज रुंद, जरासा खर्जातला, आणि साथीला मिरजेला बनवून घेतलेला त्यांचा तंबोरा. साडू निवृत्त होऊन सांगलीला आले तेव्हा सामानाच्या ट्रकमध्ये अक्का मागे तंबोरा मांडीवर घेऊन बसल्या होत्या, पुढं ड्रायव्हरशेजारी बसल्या नाहीत. त्या तंबोऱ्याशी कुणी खेळलेलं त्यांना खपत नसे. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर एक घोडी असते, तिच्यावरून तारा जातात. घोडी आणि तार यांच्या मध्ये सुताचा एक बारीक दोरा सरकवतात. तो दोरा बरोबर जागी आला की तार नुसती वाजत नाही, झणझणते, तिच्यातून सूर बाहेर पडत राहतात. त्याला म्हणायचं जवारी. दोरा केसभर इकडे झाला की जवारी गेली, तार मुकी. अक्का गाता गाता मध्येच वाकून दोन बोटांनी दोरा किंचित हलवायच्या आणि सगळी खोली उजळल्यासारखी व्हायची. मला गाण्यातलं फारसं कळत नाही, पण तेवढं कळायचं.

आणि नेमकी तीच बोटं गेली. संधिवात. आधी सकाळी आखडायची, मग दिवसभर. तारा छेडता यायच्या, पण दोरा केसभर हलवायचा तर तो बोटभर सरकायचा. मुलींनी लावून दिला तर अक्कांना पटायचा नाही. "हं, अजून थोडा. अगं, पुष्कळ झाला. राहू दे." असं करता करता त्यांनी तंबोऱ्यावर गवसणी चढवली ती चढवलीच. मुलींना पेटीवर शिकवायच्या. स्वतः गाईनाशा झाल्या. आमची ही सांगलीहून परत आली की दोन दिवस गप्प असायची. बाजारात तेव्हा विजेवरचे तंबोरे मिळायला लागले होते, खोक्याएवढे, बटण दाबलं की सुरू. मी साडूंना म्हटलं, दाजी, तसा एक आणून द्या की. जन्मभर विजेत काढलेला हा माणूस माझ्यावर उखडला. "खोकं? तिच्या मांडीवर खोकं देऊ व्हय? लाज वाटती का तुमाला, मराठी शिकिवता म्हनं." यात मराठीचा काय संबंध, ते मला अजून कळलेलं नाही.

मुख्य म्हणजे या माणसाला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. वीजघरातल्या घरघरीनं कान बधिर झालेले, सा म्हणजे काय आणि गिरणीचा भोंगा म्हणजे काय, सगळं एकच. पण घर मुकं झालेलं त्यांना कळलं. कसं कळलं देव जाणे. ते पुण्याच्या जुन्या बाजारात गेले आणि कुठल्याशा मोडक्या प्रिंटरच्या डोक्यातून काढलेल्या मातकट रंगाच्या चार-दोन कांड्या घेऊन आले. शेंगदाण्याच्या वडीएवढ्या. त्यांचं नाव त्यांनी वडीच ठेवलं. वडीला वीज दिली की ती फुगते. किती, तर केसाच्या जाडीच्या कितव्या तरी हिश्शाइतकी. हे ऐकून मी हसलो. म्हटलं, एवढंसं फुगून काय उजेड पडणार आहे. तर म्हणाले, "मग जवारीला किती लागतं वो? तेवढंच की." वडी घोडीच्या एका पायाखाली बसवायची, मधे एक पितळी पट्टी तरफेसारखी, वीज कमीजास्त केली की घोडी कणभर कलणार, आणि दोरा न हलवता जवारी उघडणार. अक्कांनी फक्त एक मूठ फिरवायची, जुन्या रेडिओची, आखडलेल्या पंजातही मावेल अशी मोठी. बोलणं सोपं. वडी दीडशे व्होल्टांशिवाय जागची हलत नव्हती.

दीडशे म्हणजे साडूंना किरकोळच. त्यांनी सरळ घरातली वीज घेतली, तिची धार एकीकडे वळवली आणि वडीला जोडली. तंबोरा वीजघरासारखा घुमायला लागला. तारेला हात न लावता. अक्कांनी कानांवर हात ठेवले आणि साडू मात्र भारावून खुर्चीत बसले. "काय ग्वाड आवाज हाय गं," म्हणाले. लग्न झाल्यापासून तंबोऱ्याचं त्यांनी केलेलं ते पहिलं कौतुक. दुपारभर ऐकत बसले होते, असं अक्कांनीच मला सांगितलं. शेवटी त्यांनी बजावलं की भिंतीतली वीज माझ्या तंबोऱ्याला लावायची नाही, मला गाताना मरायचं नाही. म्हणजे उरले सेल. दीड दीड व्होल्टांचे ते बापडे सेल, त्यांतून दीडशे कुठून काढणार?

इथे माझा फ्लॅश आला. माझा धाकटा भाऊ सैन्यात, त्यानं दिल्लीहून माझ्यासाठी कॅमेऱ्याचा फ्लॅश आणला होता. दिवाळीला तो मी सांगलीला नेला आणि माझी मती फिरली म्हणून साडूंना दाखवला. दोन पेन्सिल सेलवर एवढा लखलखाट पडतो, हे पाहून त्यांनी तो हातात घेतला, उलटापालटा केला आणि फार प्रेमानं परत दिला. मी तिथेच सावध व्हायला हवं होतं. भाऊबीजेच्या दिवशी उठून बघतो तर पडवीत वर्तमानपत्रावर माझ्या फ्लॅशची आतडी मांडलेली. साडू काठी लावून त्यातला भार घालवत होते. फट्ट झालं. "बगितलं? दोन सेलांत तीनशे व्होल्ट. लय हुशार हाय बेनं," म्हणाले. मी तोंड उघडायच्या आत मला हातपंपाचा दाखला द्यायला सुरुवात. सेलाची वीज म्हणजे खालचं पाणी. तिला एकदम वर चढता येत नाही. मग ट्रान्झिस्टर काय करतो, तिचे सेकंदाला हजारो तुकडे करतो, हातपंपाचा दांडा हापसल्यासारखे, आणि दर हापशाला वेटोळ्यातून थोडी थोडी वर ढकलतो. थेंब लहान, पण टाकी भरते. "आन् वडी म्हंजे टाकी," ते म्हणाले, "ती पानी पीत न्हाई. धरून ठेवती." मी म्हटलं, दाजी, माझा फ्लॅश. ते म्हणाले, "दिवसाउजेडी काडा की फोटू." त्या वर्षीच्या भाऊबीजेच्या फोटोंत ओवाळणीचं निरांजन तेवढं दिसतं. ओवाळणारी कोण आणि पाटावर कोण, ते आम्हाला आठवून सांगावं लागतं.

फ्लॅशनं तीनशे दिले आणि पहिली वडी तडकली. दुसरीला उलट्या बाजूनं वीज गेली, तीही गेली. तिसरी पट्टी आवळताना मोडली. उरली एक. ती मात्र साडूंनी फार जपून बसवली, दीडशेच्या वर वीज जाणार नाही असा बंदोबस्त केला, सेल आणि पंप एका डब्यात घातले आणि एका संध्याकाळी अक्कांना म्हणाले, "बस." त्या दिवशी आम्ही दोघं तिथेच होतो. साडू डब्यापाशी उभे राहिले. "लाईन क्लिअर?" अक्का मांडीवर तंबोरा घेऊन म्हणाल्या, "क्लिअर." त्यांनी मूठ फिरवली, आणि मुक्या तारेतून हळूहळू, डबक्यातलं पाणी निवळत जावं तशी, जवारी वर आली. आमच्या हिनं माझं मनगट धरलं. अक्कांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. साडू डब्यावरच्या मीटरकडे बघत नव्हते, तंबोऱ्याकडेही नाही. ते अक्कांच्या तोंडाकडे बघत होते. मी विचारलं, कळतं का तुम्हाला जवारी उघडली ते? म्हणाले, "मला काय कळतंय. तिचं त्वांड उघडलं की बगायचं."

आणि त्याच वेळी मला ती शिट्टी ऐकू आली. बारीक, टोकदार, कानात डास शिरावा तशी. आमच्या हिलाही ऐकू येत होती. सेकंदाला हजारो हापशे मारणारा तो पंप आपली किणकिण वडीतून घोडीत आणि घोडीतून भोपळ्यात ओतत होता, आणि एवढा मोठा भोपळा ती चौपट करून बाहेर टाकत होता. मी म्हटलं, दाजी, शिट्टी वाजतेय. ते म्हणाले, "कुटं? तुमच्याच कानात असंल. मळ काडून घ्या." मला म्हणाले मळ काढून घ्या. माझं डोकंच फिरलं. मी कुतूहल म्हणून, डबा बंद करून, वडीच्या तारेला बोट लावलं आणि खांद्यापर्यंत सणसणीत झटका खाल्ला. साडूंनी शांतपणे काठी आणली. "बंद क्येलं म्हंजे सपलं असं नसतंय, पाव्हणं. भार ऱ्हातो. हज्जार येळा सांगितलंय. आन् ह्ये तर किरकोळ हुतं." बोटाला तेल चोळत मी स्वयंपाकघरात गेलो आणि अक्कांवर घसरलो. म्हटलं, तुम्हाला ऐकू येते ना ती शिट्टी? येते, म्हणाल्या. मग त्यांना सांगत का नाही? अक्का कढईतली भाजी परतत म्हणाल्या, "मास्तर, तो आवाज त्यांना येतच नाही. घरघर येते, बारीक काही येत नाही. कुकरची शिट्टीही मीच मोजते. त्यांना वाटतं, ते फक्त मोठ्यानं बोलतात. मी कशी सांगू, की तुम्ही माझ्यासाठी केलेलं तुम्हाला ऐकूच येत नाहीये?" मी म्हटलं, म्हणजे शिट्टीत गाणार? त्या म्हणाल्या, "गाते की. सवय होते." रोज सकाळी त्या डासाशी झगडत ही बाई सा लावत होती आणि ते शेजारी बसून खुशीत तिच्या तोंडाकडे बघत होते. असल्या संसारावर काय रागवायचं आणि कुणावर?

पण वाईला त्यावर निभावणार नव्हतं. वाईला घाटावरच्या एका देवळाचा उत्सव असतो, तिथे अक्का लग्नाआधी गायलेल्या. तिथल्या मंडळींनी इतक्या वर्षांनी त्यांना पुन्हा बोलावलं. अक्कांनी पुन्हा पुन्हा विचार केला आणि हो म्हणाल्या. "एकदा नीट गाऊन घेते, मास्तर. बोटं अजून तारा छेडतायत तोवर," असं मला म्हणाल्या. घरात सवय होते, घाटावरच्या माणसांना कशी होणार? त्यात वाईचे श्रोते. बेसूर झालं तर तोंडावर सांगणारे.

घाटावर मांडव, खाली कृष्णा, पायऱ्यांवर माणसं बसलेली. उन्हं उतरली होती. साडूंनी डबा जोडला, अक्कांनी "क्लिअर" म्हटलं, तंबोरा बोलू लागला आणि मायक्रोफोननं ती शिट्टी उचलून नदीपलीकडे नेली. तबलजी हातोडी थांबवून म्हणाले, "डास आहेत काय हो?" पायऱ्यांवर कुजबुज सुरू झाली. ध्वनिक्षेपकवाला आपल्या यंत्राच्या मुठी इकडेतिकडे फिरवायला लागला. आणि आमचे साडू? ज्या माणसाला ती शिट्टी ऐकू येत नव्हती त्यानं ती शोधून काढायचा विडा उचलला. "त्येच्या माईकचाच घोटाळा हाय," असं जाहीर करून ते काठी घेऊन निघाले. मायक्रोफोनच्या दांड्याला काठी. त्या बिचाऱ्याच्या यंत्राला काठी. मग पत्र्याच्या कर्ण्याकडे वळले, तो खांबावर उंच होता, तर खुर्ची मागवली. दर वेळी लांबून मला ओरडून विचारायचे, "गेली का?" मी मान हलवायचो. "न्हाई? बगतोच तिला." दोन-चार म्हातारे हसायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अक्का हे सगळं बघत होत्या. त्यांनी तंबोरा मांडीवरून हळूच खाली आडवा ठेवायला सुरुवात केली. तबलजींना म्हणाल्या, "आज माझा गळा बसलाय. माफ करा." गळा ठणठणीत होता. ज्या दिवसासाठी त्या एवढ्या महिन्यांनी उठून बसल्या होत्या तो त्या सोडून देत होत्या, कारण नाहीतर भर घाटावर कुणीतरी म्हणालं असतं की अहो, तुमच्याच डब्याची शिट्टी आहे, तुम्हाला ऐकू येत नाही का. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. कुणावर ते नक्की सांगता येत नाही. मी मांडव ओलांडून गेलो, खुर्चीवर चढलेल्या साडूंचा सदरा ओढला आणि त्यांच्याच पट्टीत ओरडलो, "दाजी, टाकी भरली ना? मग पंप कशाला चालू ठेवलाय? धरून ठेवते म्हणता ना तुमची वडी? की मला झटका उगाच बसला?"

साडू खुर्चीवर तसेच उभे राहिले. काठी हातात. त्यांचा चेहरा मी तसा आधी कधी पाहिला नव्हता. मग ते स्वतःशीच म्हणाले, "आरं तिच्या. भार ऱ्हातो की." खाली उतरले, मंचाशी गेले आणि अक्कांना म्हणाले, "उचल तंबोरा. मूठ लाव तुला पायजे तशी." अक्कांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. तंबोरा उचलला, मूठ फिरवली, जवारी हवी तिथे आणली. साडू गुडघ्यांवर बसले, डब्यातून वडीकडे गेलेली तार चिमट्यात धरली आणि साऱ्या वाईला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "लाईन क्लिअर?" भरल्या मांडवात नऊवारी नेसलेल्या माझ्या मेहुणीनं ताठ बसून उत्तर दिलं, "क्लिअर." त्यांनी तार उपसली. शिट्टी गेली. जवारी राहिली.

मग अक्का गायल्या. कशा, ते मला सांगता येणार नाही, मी आधीच कबूल केलंय की मला त्यातलं कळत नाही. अंधार पडेपर्यंत पायऱ्यांवरचं माणूस हललं नाही एवढं पाहिलं. शेवटच्या भजनाला वडी थोडी बसली होती म्हणे, पण ते एकट्या अक्कांना कळलं. साडू मंचाच्या कडेला, डबा पोटाशी धरून, सगळा वेळ तिच्या तोंडाकडे बघत होते. आणि नंतर प्रसाद घेताना मंडळींना काय सांगत होते, तर त्यांच्या माईकला अर्थिंग नव्हतं, ते आपण करून दिलं. ध्वनिक्षेपकवाल्यानं हात जोडले. मी प्रसादात लक्ष घातलं. कुठं बोलणार, नात्यातलं माणूस.

परतीच्या एस.टी.त ते माझ्या शेजारी बसले. बायका पुढे होत्या. पाचवडच्या पुढे आल्यावर साडू म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा इतक्या हळू म्हणाले की मला कान जवळ न्यावा लागला, "पाव्हणं, शिट्टी वडीचीच हुती न्हवं?" मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "माईकची होती." त्यांनी मांडीवरचा डबा सरळ केला. मग म्हणाले, "व्हय. किरकोळच माईक हुता." आणि साताऱ्याच्या स्टँडपर्यंत आपले दोन्ही कान आळीपाळीनं चोळत बसले.

त्यानंतर सांगलीच्या घरात तोच रिवाज पडला. सकाळी साडू वडी भरायचे, डब्याची तार काढायचे, अक्का गायच्या. गाणं आटोपलं की साडू काठी घेऊन यायचे, वडीला लावायचे, बारीक चट्ट व्हायचं आणि तंबोरा मुका व्हायचा. "भार ठिवून उठायचं नसतंय," असं म्हणायचे. मला हसू यायचं आणि रागही यायचा, चांगला बोलणारा तंबोरा कशाला गप्प करायचा.

साडू गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. झोपेत गेले, कसली कटकट न करता. अशी शांतपणे त्यांनी केलेली ती एकच गोष्ट. मागल्या खेपेला सांगलीला गेलो तेव्हा अक्का सकाळच्या गायला बसल्या होत्या. वडी आता त्या स्वतःच भरतात, डब्याची तार काढायला क्लासमधली एक मुलगी येते आणि तिलाही "क्लिअर" म्हणावं लागतं. गाणं झालं. अक्कांनी तंबोरा भिंतीला टेकवला. सवयीनं मी उठलो, खिळ्यावरची काठी काढली. अक्का म्हणाल्या, "राहू द्या, मास्तर. मी नाही लावत ती. आपोआप उतरतं ते."

मी काठी मांडीवर घेऊन बसलो. अक्का मधूनमधून एकच तार छेडत होत्या आणि आम्ही ऐकत होतो. झणकार बारीक होत गेला, अजून बारीक झाला. माझा फ्लॅश त्या माणसानं मला कधीच परत दिला नाही, मला कान साफ कर म्हणाला, माझ्या वास्तुशांतीत गुरुजींचे पाय उचलायला लावले. तरी त्या वेळी दाजी दारातून मोठ्यानं ओरडत आत यावेत असं मला फार वाटलं. थोड्या वेळानं मला तार अगदी साधी ऐकू यायला लागली. म्हटलं, उतरली वाटतं जवारी, अक्का.

अक्कांनी डोळे न उघडता पुन्हा तार छेडली. म्हणाल्या, "अजून आहे."